रिठदचा स्लॅब, चंद्रपूरची राख

वाशीमहून रिसोडच्या वाटेला लागलं की रिठद येतं. एप्रिल-मे महिन्यात इथली काळी रानं मोकळी असतात. सोयाबीन दिवाळीतच निघून गेलेलं, तूरही घरात आलेली, पऱ्हाट्या-तुराट्यांचे ढीग बांधावर. शेतीत काम नसतं तेव्हा गावात बांधकामाचा हंगाम असतो, आणि मृगाच्या आत छत पडलं पाहिजे म्हणून सगळ्यांचीच घाई. ‘आज स्लॅब आहे’ हे वाक्य वऱ्हाडात कुणी सहज उच्चारत नाही. त्या दिवशी सकाळी मिक्सरपुढे नारळ फुटतो, लोखंडी पाट्या हातोहात वर जातात, दुपारी सगळ्या मजुरांना घरचं जेवण असतं आणि संध्याकाळी घरधनी ओल्या काँक्रीटकडे जरा लांबूनच, पण फार वेळ बघत उभा राहतो.

शहरांची वाढ, विजेचा वापर आणि पर्यावरणाची हानी या विषयाची सुरुवात मुंबईच्या काचेच्या मनोऱ्यांपासून करायची प्रथा आहे. मला ती रिठदच्या स्लॅबपासून करावीशी वाटते. जनगणनेच्या व्याख्येत गावाचं शहर व्हायला तीन अटी लागतात: किमान ५,००० वस्ती, कमावत्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेर आणि चौरस किलोमीटरला ४०० माणसं. या मापानं २०११ साली वाशीम जिल्ह्यात शहरी लोक साडेसतरा टक्क्यांच्या आसपास होते, तर राज्यात ४५ टक्क्यांहून अधिक. म्हणजे कागदावर हा जिल्हा महाराष्ट्रातल्या अगदी ग्रामीण जिल्ह्यांपैकी एक. पण शहर काही नगरपरिषदेच्या ठरावाची वाट बघत थांबत नाही. सिमेंटच्या पोत्यातून, कुलरच्या पत्र्यातून, मोटारसायकलच्या हप्त्यातून ते कधीच आलेलं असतं. रिठदचा शेतकरी शेतकरीच राहतो, फक्त त्याचं घर शहराच्या साच्यातलं होतं. ऊर्जेचा हिशेब माणसाच्या धंद्यापेक्षा या साच्याशी जास्त बांधलेला असतो.

त्या साच्याचाच आधी हिशेब मांडू. गावातला ठेकेदार हजार चौरस फुटांच्या पक्क्या घराला चारशे पोती सिमेंट आणि साडेतीन-चार टन सळई धरतो. सिमेंट म्हणजे चुनखडी भाजून केलेली भुकटी. भट्टीत जवळजवळ १,४५० अंशांचं तापमान लागतं आणि ते कोळशावर येतं. पण खरी गोम पुढे आहे. चुनखडी भाजली की तिच्या पोटातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात निम्म्याहून मोठा वाटा या दगडातून निघालेल्या वायूचा असतो. उद्या भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी तो सुटणारच. ढोबळमानानं पन्नास किलोच्या पोत्यामागे तीसेक किलो वायू हवेत जातो; चारशे पोत्यांचे झाले बारा टन. पोलाद टनामागे दोन-अडीच टन सोडतं, म्हणजे सळईचे आठ-नऊ टन. विटा, गिट्टी, रेतीची वाहतूक सोडून दिली तरी एका घरामागे वीस टन होतात.

वीस टन म्हणजे किती? मुंबई महापालिकेनं मार्च २०२२ मध्ये आपला वातावरण कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१९ साली शहराचं उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन धरलं आहे, दरडोई १.८ टन. म्हणजे रिठदचं एक घर उभं राहताना जेवढा वायू हवेत जातो, तेवढा सोडायला एका मुंबईकराला, निदान त्या आराखड्याच्या मोजणीत, अकरा वर्षं लागतात.

हा आकडा पुढे करून रिठदकराला गुन्हेगार ठरवणं सोपं आहे, पण त्यात खोट आहे. घर पन्नास वर्षं टिकलं आणि त्यात पाच माणसं राहिली तर माणशी वर्षाला शंभर किलोसुद्धा होत नाहीत. शिवाय ज्या घराला हटवून हे उभं राहतं, त्याचं कौतुक त्यात न राहणारे लोकच जास्त करतात. वऱ्हाडातलं जुनं घर म्हणजे जाड मातीच्या भिंती आणि वर सागाच्या कड्यांवर अंथरलेलं पांढऱ्या मातीचं धाबं, किंवा ऐपतीप्रमाणे कवेलू. ते उन्हाळ्यात गार असे, यात वाद नाही. पण दर पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर नवी माती टाकायची, गळती शोधायची, कड्यांना लागलेली वाळवी बघायची, भिंतीच्या पोकळीत साप-विंचू सांभाळायचे आणि बायांनी जन्मभर सारवत-पोतारत राहायचं, हे त्या गारव्याचं भाडं होतं. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळू लागले. त्या पैशात आणि त्या नमुन्यात सिमेंटच बसतं. मातीचं चांगलं घर बांधणारा गवंडीही आता शोधावा लागतो. लोकांनी स्लॅब निवडला तो विचार करूनच.

माझा आक्षेप बांधण्यावर कमी आणि बांधल्यानंतर काय होतं यावर जास्त आहे. चार-पाच इंची काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री खोलीत सोडतं. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जाणं ही बातमी राहिलेली नाही, आणि संध्याकाळी सातनंतर बाहेरची हवा उतरू लागते तेव्हा स्लॅबखालची खोली तापायला लागते. मग कुलर येतो. कुलर बिचारा दीड-दोनशे वॅटचा प्राणी आहे, वीज फार खात नाही. पण पाणी खातो, आणि वाशीमच्या उन्हाळ्यात पाणी विजेपेक्षा दुर्मीळ. ज्या गावात टँकरची वाट बघतात तिथेच कुलरची टाकी रोज भरावी लागते. त्यापुढची पायरी एसी. तो रिसोड-वाशीमच्या दुकानांत हप्त्यावर मिळू लागला, तेव्हा घर कुठल्या गावात आहे याला विजेच्या दृष्टीनं काही अर्थ उरला नाही.

दीड टनी एसी तासाला साधारण एक युनिट घेतो. रात्रीची आठ तासांची झोप म्हणजे आठ युनिट. औष्णिक केंद्रात एका युनिटला पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा जळतो. म्हणजे एका रात्रीच्या झोपेला पाच-सहा किलो. आपल्याकडच्या कोळशात ३५ टक्क्यांच्या आसपास राख असते, तेव्हा दोन किलो राख मागे उरते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमानं जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरायची मुभा आहे, म्हणजे अठ्ठावीस लिटर पाणी. उन्हाळ्याच्या शंभर रात्रींचा गुणाकार वाचकानं स्वतः करावा. आणि एसी खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही, गल्लीत नेऊन टाकतो, स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता वर घालून. दाट वस्तीत एकाच्या एसीनं शेजाऱ्याची खिडकी तापते आणि शेजारी एसी घेतो. शहराची वाढ आपलं गिऱ्हाईक आपणच तयार करते, ती ही अशी. ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॉटला टेकली. त्याच्या दहा वर्षं आधी ती दीड लाखाच्या आत होती. या वाढीत कारखानेही आहेत, पण मागणीचं शिखर मे महिन्याच्या अखेरीला यावं, यातच उन्हाळ्याची सही दिसते.

ही वीज येते कुठून, हा महाराष्ट्रात केवळ तांत्रिक प्रश्न कधीच नव्हता. त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो जवळजवळ सगळा एकाच दिशेनं वाहतो.

१९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना घाटावरच्या पावसाची वीज मिळू लागली. कोळशाच्या धुरातून शहर काही अंशी सुटलं, ही त्या काळची मोठी गोष्ट होती. पण गिरण्यांची भूक वाढली आणि मुळशीचं खोरं पाण्याखाली घालायचं ठरलं. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी तिथे सत्याग्रह उभारला. धरण झालंच. मुंबईला वीज आणि मावळ्यांना विस्थापन, असा तो व्यवहार. पुढे कोयना आलं. आज तिथली क्षमता १,९६० मेगावॉट आहे. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी पश्चिमेला वळवून कोकणात उतरवायचं, वीज काढायची आणि ते वाशिष्ठीतून समुद्राला द्यायचं, असं हे यंत्र. पूर्वेकडचे दुष्काळी तालुके या पाण्याकडे अजून बघतात. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आणि धरणाचं पाणी यांचा संबंध जगभरच्या भूकंपशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेला, ते वेगळंच.

पाण्याची वीज अपुरी पडली तेव्हा पाळी कोळशाची आली, आणि कोळसा विदर्भात होता. १९८० च्या दशकात चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र उभं राहिलं. आज ते २,९२० मेगावॉटचं आहे. कोराडी, खापरखेडा, अकोल्याजवळचं पारस, गोंदियातलं तिरोडा, अमरावतीचं नांदगाव पेठ ही नावं काही त्याआधी, काही त्यानंतर जोडली गेली. चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ च्या सुमारास सुरू झाली: सुमारे ७५० किलोमीटर, ५०० केव्ही, १,५०० मेगावॉट. वाटेत कुठेही उतरायची सोय नसलेली गाडी म्हणजे ही वाहिनी. एका टोकाला खाणी, दुसऱ्या टोकाला मुंबई महानगर, आणि मधल्या गावांच्या डोक्यावरून फक्त तारा. पुढे तिरोड्याहून कोराडी, अकोला करत छत्रपती संभाजीनगरकडे ७६५ केव्हीची वाहिनी गेली, तिचं तोंडही पश्चिमेलाच. वऱ्हाडात मनोऱ्याखालच्या शेतकऱ्याला मोबदला किती आणि कधी, यावर एक वेगळा लेख होईल.

वाशीम जिल्ह्यात एकही औष्णिक केंद्र नाही, मोठा उद्योग नाही. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला आणि २०१८ मध्ये केंद्राच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत गेलेला हा जिल्हा. मागासाला आकांक्षित म्हणण्याची ही शासकीय मराठी मला फार आवडते. तर या जिल्ह्याला विजेची खरी ओळख झाली ती तिच्या नसण्यातून. २००५ मध्ये वीज मंडळाचं त्रिभाजन झालं आणि त्याच सुमारास राज्यात टंचाई शिगेला पोचली. मग गावांची प्रतवारी झाली. जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे लोडशेडिंग जास्त, अशी अ-ब-क-डपासून खालपर्यंतची उतरंड. मुंबई त्यातून बाहेर ठेवली होती. पुण्यानं २००६ मध्ये उद्योगांच्या जनित्रांच्या जोरावर आणि जादा आकार भरून आपली सुटका करून घेतली. ग्रामीण विदर्भात बारा-बारा तास लाईन नसायची. दहावीच्या पोरांचा अभ्यास, पिठाची गिरणी, पाणीपुरवठ्याची मोटर, सगळं लाईनच्या वेळापत्रकावर. ‘लाईन आली’ अशी आरोळी गल्लीत उठायची, आणि ती ऐकल्यावर पहिलं काम मोबाइल चार्जिंगला लावायचं, हे पंचविशीतल्या मुलांनाही आठवत असेल. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज काही तास गेली तर ती राष्ट्रीय बातमी झाली, चौकशी समित्या बसल्या. वऱ्हाडात त्या दिवशी अनेकांना हसू आलं असेल. ते हसू दुष्ट नव्हतं.

शेतीपंपांचं वेळापत्रक तर अजून तसंच आहे. थ्री फेज आठ तास मिळते, आठवड्याच्या पाळीनं कधी दिवसा, कधी रात्री. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री अकराला बॅटरी आणि सापाच्या धाकानं काठी घेऊन निघायचं, डीपीवर फ्यूज उडालेला असेल तर वायरमनला फोन लावत बसायचं. पैनगंगेवर बॅरेजेस झाले म्हणून पाणी हाताशी आलं, पण ते उचलायला वीज पुष्कळदा रात्रीच येते. रात्रीच का, याचं उत्तर शहरात आहे. दिवसा कार्यालयं-कारखाने आणि संध्याकाळी घरं आपला वाटा घेऊन गेल्यावर यंत्रणेत जी जागा उरते, ती शेताला. शहरानं साप पाठवला असं कुणी म्हणत नाही, पण साप चावायची वेळ शहराच्या सोयीनं ठरली आहे. आता याला दुसरी बाजूही आहे. राज्यात चाळीस लाखांहून अधिक शेतीपंप आहेत, पाच अश्वशक्तीची मोटर एका पाळीत तीस युनिट घेते आणि त्यातल्या बऱ्याच विजेचं बिल वर्षानुवर्षं भरलं जात नव्हतं. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल राज्यानंच माफ केलं. तेव्हा गाव फक्त सोसणारं आणि शहर फक्त खाणारं असा हिशेब मांडला तर तो खोटा ठरेल. मोटरनं उपसलेलं पाणी गव्हातून, भाज्यांतून पुन्हा शहरात जातं, हे खरं. पण भूजल खाली गेलं ते इथलंच, हेही खरं.

शहराच्या बाजूनं बोलायचं तर एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण पर्यावरणावर लिहिणारे ती टाळतात. दाटीनं राहणं हे ऊर्जेच्या दृष्टीनं किफायतशीर असतं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. तीच मुंबईची लोकल कोरोनापूर्वी रोज पंचाहत्तर लाखांच्या घरात प्रवासी नेत होती. माणशी इतक्या कमी इंधनात इतकी माणसं हलवणारी व्यवस्था जगात फार थोडी आहे. एका इमारतीत चाळीस कुटुंबं राहिली तर भिंती, पाइप, तारा, रस्ते सगळं वाटून वापरलं जातं. म्हणूनच मुंबईचा दरडोई आकडा १.८ टनांवर राहतो. वस्ती विरळ पसरते तेव्हा खर्च वाढतो, आणि महाराष्ट्राची मधली शहरं तशीच पसरत आहेत. २०१८ मध्ये पुण्यातली नोंदणीकृत वाहनं लोकसंख्येच्या पुढे गेल्याचं जाहीर झालं. मुंबईसारखी लोकल नसलेलं, बस अपुरी असलेलं, चहूबाजूंनी टेकड्या खात वाढलेलं शहर. रिठदसारख्या गावांतली तरणी पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं चाकण-रांजणगावच्या एमआयडीसीत जातात, चौघं मिळून खोली घेतात, आणि पहिल्या वर्षभरात दुचाकी घेतात. चैन म्हणून नाही. खोली आणि कंपनी यांच्यामध्ये दुसरं काही धावतच नाही.

मुंबईनं तर ३१ मार्च १९६४ ला ट्रॅम बंद केली होती. अर्धशतक उलटल्यावर तिथे मेट्रोचे बोगदे खणले गेले. शहरं आपली जुनी शहाणी सोय मोडून नंतर तीच महागात परत विकत घेतात, हा अनुभव वाशीमसारख्या ठिकाणी कामाला यायला हरकत नव्हती. पण समृद्धी महामार्ग आला. ७०१ किलोमीटरचा हा काँक्रीटचा पट्टा जून २०२५ मध्ये नागपूर ते मुंबई पूर्ण खुला झाला, त्यातले सुमारे ९७ किलोमीटर वाशीम जिल्ह्यात आहेत. त्याच्या कडेनं नवनगरं वसवायची कल्पना होती. ती जशी वसतील तशी वसोत. रस्ता वाईट असं मी म्हणणार नाही, कारंजाचा शेतमाल मुंबईला लवकर पोचतो हे दिसतं. पण ज्या रस्त्याला दुचाकी चालत नाही, जिथून लाल डबा गावागावांत उतरत नाही, तो रस्ता मोटारवाल्यांच्या शहराची शेपटी आहे. याच जिल्ह्यातून जाणारी अकोला-पूर्णा ब्रॉडगेज २००८ पासून आहे. तिच्यावर गाड्या वाढवा ही मागणी त्यामानानं कुणाच्याच अजेंड्यावर वर येत नाही.

पाणी आणि कचरा यांच्याबद्दल थोडक्यात. दोन्ही वस्तू शहरात राहत नाहीत, वाहून आणाव्या किंवा न्याव्या लागतात, आणि वाहणं म्हणजे ऊर्जा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास; पिण्याच्या पाण्याचा डिझेलशी इतका उघड संबंध महाराष्ट्रानं त्याआधी पाहिला नव्हता. वाशीम शहर एकबुर्जीच्या तलावावर आहे, अकोला काटेपूर्णेवर, आणि काटेपूर्णा वाशीम जिल्ह्यातून येते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीनं झेलला. देवनारला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा धूर अवकाशातून दिसला. प्रत्येक शहराला एक उरुळी लागते.

विजेच्या बाबतीत ती उरुळी विदर्भ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं आलं. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणाचं पाणी आटलं आणि तिथले संच बंद करावे लागले. परळीचं केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी पूर्ण थांबलं, २०१५ मध्ये पुन्हा. म्हणजे दुष्काळानं शेत गेलं त्याच दुष्काळानं वीजही जाते, आणि ज्या धरणातून दोन्ही हवं ते एकच असतं. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बांध फुटला, राखेचा चिखल शेतांत आणि नदीत गेला. तरी २०२३ च्या मे महिन्यात कोराडीत आणखी ६६० मेगावॉटच्या दोन संचांसाठी जनसुनावणी झाली. जुन्या संचांच्या जागी नवे, कमी कोळशात जास्त वीज, असं समर्थन आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या ते चूक नाही. ज्याच्या घरावर राख पडते त्याला मात्र हा युक्तिवाद तिसाव्या वेळी ऐकताना कसा लागत असेल, याचा विचार व्हावा.

या राखेचा शेवट कुठे होतो? काही विटांत, काही रस्त्यांच्या भरावात, आणि बरीचशी सिमेंटमध्ये. बाजारात जे पीपीसी सिमेंट मिळतं त्यात १५ ते ३५ टक्के औष्णिक केंद्राची राख असते. चुनखडी कोरपना-राजुऱ्याची, राख जवळच्या केंद्राची, कोळसा वणी-घुग्घुसचा. अख्खा चंद्रपूर-यवतमाळचा पट्टा या पोत्यात भरलेला असतो. राख सिमेंटमध्ये जाणं चांगलंच, तेवढी चुनखडी कमी भाजावी लागते. पण मुंबई-पुण्याला वीज देऊन मागे उरलेली ती राख रिठदच्या स्लॅबमध्ये येऊन बसते, मग ते काँक्रीट खोली तापवतं, खोलीसाठी वीज लागते, विजेसाठी पुन्हा कोळसा. या चक्रात रिठद गाव मागून, हळूच शिरलं आहे.

त्यामुळे पुढच्या वीस वर्षांचा प्रश्न मुंबईत सुटणार नाही असं मला वाटतं. मुंबई बांधून झाली आहे, ती फार तर पाडून पुन्हा बांधली जाईल. उभं राहायचंय ते वाशीममध्ये, रिसोडमध्ये, शिरपूरमध्ये आणि रिठदसारख्या शेकडो मोठ्या गावांत. केंद्रानं २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली, भिंती-खिडक्यांतून उष्णता किती आत यावी याचे निकष घालून दिले. पण ती पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना लागू. रिठदच्या घरकुलाला तिचा स्पर्शही होत नाही. खरं तर करायचं फार थोडं आहे. छताला चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात, पश्चिमेच्या भिंतीला जाडी, खिडकीवर पुरेसा सज्जा, शक्य तिथे पोकळ विटा. ग्रामपंचायतीच्या परवानगीच्या कागदावर चार ओळी वाढवल्या तरी भागेल. एसीचं डिफॉल्ट तापमान २४ अंश असावं हा नियम २०२० मध्ये दिल्लीहून निघाला, पण खोली तापूच नये याचा नियम रिठदसाठी कुणी काढला नाही. विक्रीयोग्य यंत्राचे नियम लवकर निघतात, चुन्याच्या डब्याचे निघत नाहीत.

सूर्यावर सध्या सगळ्यांची भिस्त आहे. २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०२३ मध्ये नव्या रूपात आली, उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटचं. गावाजवळच्या पडीक जमिनीवर पॅनेल, तिथूनच शेतीच्या फीडरला दिवसा वीज. रात्रीची पाळी यातून खरंच संपली तर वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात विजेनं केलेला तो सगळ्यांत मोठा बदल ठरेल, आणि दुपारी शहराला न लागणारी सौर वीजही कामाला येईल. मला यात आशा वाटते. शंका आहे ती संध्याकाळची. सूर्य मावळल्यावर सात ते अकराच्या दरम्यान शहर घरी येतं, दिवे-एसी-टीव्ही एकदम सुरू होतात, आणि त्या चार तासांसाठी आजही कोळशाचे संच चालतात. साठवणुकीच्या बॅटऱ्या स्वस्त होत आहेत, सह्याद्रीत पाणी वर चढवून खाली सोडायचे प्रकल्प मंजूर होत आहेत. म्हणजे मुळशी-कोयनेच्या डोंगरांकडे पुन्हा नजर गेली आहे. तिथल्या लोकांनी ही नजर ओळखली असेल.

घरच्या छतांचीही गोष्ट सुरू झाली आहे. फेब्रुवारी २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. इथे स्लॅबचा एक गुण कामाला येतो. धाब्यावर किंवा कवेलूवर पॅनेल बसवणं अवघड, स्लॅबवर सोपं. आणि पॅनेलची सावली पडली की खालचं काँक्रीट तापायचंही कमी होतं. खोली गार राहते ती काही विजेनं नव्हे, सावलीनं. पूर्वी हीच सावली अंगणातला कडुनिंब द्यायचा, पण घर वाढवताना तो बहुतेक ठिकाणी तोडलेला आहे.

तोवर मे महिन्यात रिठदला संध्याकाळी एक जुनी रीत नव्या छतावर चालू असते. ऊन कलल्यावर बाया-पोरं वर जाऊन स्लॅबवर पाणी मारतात. पहिली बादली पडली की वाफ निघते आणि चर्र आवाज होतो, दुसरीला कमी, तिसरीला जवळजवळ नाहीच. मग खाली कुलरमध्ये उरलेलं पाणी टाकतात, आणि म्हातारी माणसं आपली गोधडी घेऊन वर झोपायला जातात.